एकाच पिठाची चानकी

खाण्याच्या बाबतीत नखरे करणारे मूल आणि स्वतःच्या प्रकृतीकडे पाहायला सवड नसलेला पालक, या दोन तक्रारी सामान्यतः वेगवेगळ्या दारी नेल्या जातात. पहिली बालरोगतज्ज्ञाकडे जाते, दुसरी व्यायामशाळेच्या वार्षिक वर्गणीत विरून जाते. वस्तुतः दोन्हींचे मूळ बहुधा एकाच स्वयंपाकघरात आणि एकाच सवयीत असते. मूल खात नाही म्हणून त्याच्यासाठी वेगळे काही शिजवले जाते, ते वेगळे शिजवलेलेही मूल अर्धे टाकते, आणि ते अर्धे टाकू नये म्हणून आई किंवा आजी उभ्या उभ्या तोंडात घालते. अन्न वाया घालवू नये हा संस्कार थोर खरा, परंतु त्याची किंमत कंबरेच्या घेरात मोजावी लागते. या सवयीचा विचार करण्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा डोंगराळ पश्चिम भाग, म्हणजे भंडारदऱ्याचा परिसर, विशेष उपयोगी ठरतो, कारण नागली-वरईवर पोसलेले आदिवासी घर, शिधावाटप दुकानाच्या गहू-तांदळावर वळलेले त्याच्याच शेजारचे घर आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून आलेले पर्यटक कुटुंब अशा तीन तऱ्हांची जेवणे तिथे एकाच रस्त्यावर पाहायला मिळतात.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. प्रवरा नदीचे अडवलेले पाणी कालव्यांवाटे खाली जाते, तिथल्या सपाट जमिनीत ऊस पिकवते, आणि त्याच उसाच्या बळावर प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. वरच्या गावांच्या वाट्याला मात्र उतारावरची पातळ जमीन राहिली. शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे या गावांतील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे खाचरांत भात आणि उतारावर नागली व वरई घेत आली. (नागली म्हणजे इतरत्र जिला नाचणी म्हणतात ती, वरई म्हणजे उपवासाला चालणारी भगर.) डोंगरावरून उतरलेल्या पाण्याने पिकवलेली साखर आज बिस्किटांच्या पुड्यांतून पुन्हा डोंगर चढते आणि ज्या पोरांच्या घरी नागलीचे पीठ आहे त्यांची भूक जेवणाआधीच मारते, हा या खोऱ्याच्या अर्थशास्त्रातील एक चमत्कारिक फेरा म्हटला पाहिजे.

नागलीची भाकरी करणे हे काम दिसते तितके सोपे नाही, आणि तिच्यातील कौशल्य नीट पाहिल्याशिवाय पुढचा मुद्दाही नीट कळत नाही. गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारे ग्लूटेन हे प्रथिन नागलीत नसल्यामुळे तिचे पीठ थंड पाण्यात मळले तर धरून राहत नाही. म्हणून पाणी कढत घ्यावे लागते, पीठ तळहाताच्या टाचेने रगडून मळावे लागते आणि एका वेळी एकाच भाकरीपुरता गोळा घ्यावा लागतो. परातीत थापताना कडा चिरत जाते आणि प्रत्येक चीर ओल्या बोटाने सांधावी लागते. तव्यावर टाकल्यानंतर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पुरते सुकण्याआधी भाकरी उलटायची, आणि मग विस्तवाशी धरून फुगवायची. हा क्रम एका क्षणाने चुकला तरी पापुद्रा सुटत नाही. शेवटी परातीच्या कडेला उरलेले पीठ गोळा करून तळहाताएवढी एक भाकरी थापली जाते. मराठी खेड्यांत तिला चानकी म्हणतात, आणि ती घरातल्या लहानग्याची असते.

या चानकीत बालसंगोपनाचा एक जुना आणि शहाणा विचार दडलेला आहे, असे मानायला हरकत नाही. तिचे पीठ मोठ्यांच्या भाकरीचेच असते, तवा तोच असतो, वेळही तीच असते; वेगळा असतो तो फक्त आकार. मुलाला स्वतःचे असे काही मिळते, परंतु स्वतंत्र पदार्थ मिळत नाही. कालवणाचेही तसेच. डाळ शिजली की तिखट-मसाल्याची फोडणी पडण्यापूर्वी त्यातली वाटीभर बाजूला काढायची, मुलाच्या ताटात ती मीठ आणि असल्यास तुपाचा थेंब घालून वाढायची, आणि मोठ्यांच्या आमटीला मग हवा तेवढा झणका द्यायचा. मुलाचे वय वाढत जाते तशी ही वाटी बाजूला काढण्याची वेळ पुढे सरकत जाते, आणि एके दिवशी ती काढण्याची गरजच उरत नाही. शहरातील सुशिक्षित घरांत याच्या उलट रचना रूढ झाली आहे, म्हणजे मोठ्यांसाठी भाजी-पोळी, मुलासाठी पास्ता, आजोबांसाठी खिचडी आणि वजन घटवू पाहणाऱ्या आईसाठी काकडी-टोमॅटोचे ताट. एका घरात चार खानावळी चालवल्यावर चालवणारी व्यक्ती थकणारच, आणि थकलेल्या माणसाच्या हातून आधी व्यायाम सुटतो, मग जेवणाची वेळ.

मूल खात नाही या तक्रारीचा मोठा भाग वाढीच्या गणितात आहे, आणि हे गणित बहुतेक पालकांना कोणी समजावून दिलेले नसते. जन्माच्या वेळी तीन किलोच्या आसपास असलेले बाळ वर्षाच्या अखेरीस साधारण तिप्पट वजनाचे होते; त्यानंतरच्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढीचा वेग असा अचानक मंदावल्यावर भूकही त्या मानाने मंदावते. दहाव्या महिन्यात वाटी चाटूनपुसून संपवणारे बाळ दीड वर्षाचे झाल्यावर घास गालात धरून बसते, त्यात त्याच्या जिभेचा दोष थोडा आणि निसर्गाचा हिशेब अधिक असतो. याच सुमारास मूल चालू लागते, हाताला येईल ते तोंडात घालण्याची त्याची क्षमता वाढते, आणि नेमक्या याच वयात अपरिचित अन्नाविषयीची भीती त्याच्यात बळावते. ही भीती साधारण दोन ते सहा वर्षे या काळात तीव्र असते आणि पुढे बहुतेकांत ओसरते. रानावनात वावरणाऱ्या मानवी पिल्लाला अनोळखी पाला खाण्यापासून रोखणारी ही सोय असावी, असा एक तर्क मांडला जातो. कडू चवीला मुले मोठ्यांपेक्षा अधिक बिचकतात, हेही त्या तर्काशी जुळते, कारण वनस्पतींतील पुष्कळ विषे कडू असतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांनी १९८० च्या दशकात लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांतून या भीतीवरचा उतारा बऱ्यापैकी स्पष्ट झाला. नवा पदार्थ मुलासमोर पुन्हा पुन्हा आला आणि त्याने तो बळजबरीविना चाखला, तर आवड वाढत जाते; मात्र त्यासाठी दहा-पंधरा खेपा लागू शकतात, आणि बहुतेक पालक तिसऱ्या-चौथ्या खेपेलाच हात टेकतात. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष लालुचीविषयीचा होता. एखादा पदार्थ खाल्ल्याबद्दल बक्षीस दिले की मुलाची त्या पदार्थाविषयीची आवड घटते, कारण ज्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू वाईटच असणार, हा निष्कर्ष तीन वर्षांचे मूलही काढते. भाजी संपवलीस तर चॉकलेट, हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि ते भाजीची बदनामी करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. काऊ-चिऊचे घास भरवण्याची जुनी रीत यात कुठे बसते, असा प्रश्न कोणी विचारील. तिच्यात निदान भरवणाऱ्याचे लक्ष मुलाच्या तोंडाकडे असते आणि मुलाचे भरवणाऱ्याकडे. मोबाइलच्या पडद्यासमोर उघडलेल्या तोंडात घास ढकलण्यात ते दोन्हीही नसते, आणि पोट भरले हा आतून येणारा निरोप मुलाच्या कानी पडत नाही.

याही आधी, १९२८ मध्ये, क्लारा डेव्हिस या डॉक्टर स्त्रीने नुकत्याच अंगावरून सुटलेल्या बाळांसमोर नाना पदार्थ मांडून त्यांना हवे ते हवे तेवढे खाऊ देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. बाळांची निवड दिवसागणिक विक्षिप्त दिसे, तरी एकूण पोषण उत्तम झाले. या प्रयोगाचा आधार घेऊन मुलाला जे मागेल ते द्यावे असे सांगणारे पुष्कळ निघाले, परंतु खुद्द डेव्हिस यांनी त्यातली मेख दाखवून दिली होती, ती अशी की बाळांसमोर मांडलेल्या पदार्थांत साखर घातलेला, दळून-चाळून निःसत्त्व केलेला असा एकही पदार्थ नव्हता. पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी हीच गोष्ट जबाबदारीची वाटणी म्हणून मांडली. काय वाढायचे, केव्हा आणि कुठे, हे पालकाने ठरवावे. वाढलेले खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. अकोल्याच्या डोंगरातील घरात ही वाटणी कोणत्याही पुस्तकाविना होत आलेली आहे, कारण तिथे पहिल्या भागात पर्याय फारसे नव्हते आणि दुसऱ्या भागात आग्रह करायला कोणाला वेळ नव्हता.

परंतु इथे थांबून एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. पर्याय नसणे हे भूषण नव्हे. मुलाने नखरे करावेत एवढे अन्न घरात असणे हे मुळात सुस्थितीचे लक्षण आहे, आणि सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात ती सुस्थिती सरसकट कधीच नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली आणि १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची उणीव, आढळली. त्याच पाहणीत सुमारे २३ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर वजनाच्या होत्या. म्हणजे उपासमार आणि अतिभोजन यांच्या दोन टोकांवर हे एकच राज्य उभे आहे. भाताच्या आवणीच्या दिवसांत, म्हणजे रोपे उपटून चिखलात लावण्याच्या दिवसांत, पावसात दिवसभर कमरेत वाकून राहणाऱ्या स्त्रीला तंदुरुस्तीसाठी व्यायाम सुचवणे हा विनोद होईल. तिला हवी असते विश्रांती, लोह आणि पोटभर जेवण. अनुसूचित क्षेत्रातील गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे गरम जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली ती याच कारणाने. पालकाची तंदुरुस्ती हा शब्दप्रयोग शेंडीच्या बाजारात आणि पुण्याच्या बाणेर रस्त्यावर एकाच अर्थाने वापरता येत नाही.

नागलीचा गुण मात्र दोन्हीकडे सारखाच लागू आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर सडीक पांढऱ्या तांदळात दहाही नसते. एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज ५०० मिलिग्रॅमची धरली जाते, तेव्हा दूध पाहिले की तोंड फिरवणाऱ्या मुलाच्या आईने हा आकडा ध्यानात ठेवायला हरकत नाही. अर्थात धान्यातील सगळे कॅल्शियम शरीराला मिळत नाही, कारण फायटेट नावाचे द्रव्य खनिजांना धरून ठेवते; नागली भिजवून मोड आणल्यास हे द्रव्य घटते. मोड आलेली नागली सावलीत वाळवून, हलकी भाजून, दळून, वस्त्रगाळ केली की नागलीचे सत्त्व तयार होते. मोड येताना धान्यात जागृत होणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रियांना गती देणारी द्रव्ये, पिठातील पिष्टाचे तुकडे करतात, त्यामुळे या सत्त्वाची पेज शिजल्यावर गच्च होत नाही आणि पातळ राहूनही तिच्यात अधिक पीठ मावते. बाळाचे पोट लहान आणि गरज मोठी, ही अडचण गावोगावच्या आज्यांनी विकर हा शब्द न ऐकता सोडवली होती.

चोखंदळ मुलाला वश करणारा या टापूतला आणखी एक पदार्थ म्हणजे हुलग्याचे शेंगोळे. हुलगा, म्हणजे कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात ते कडधान्य, शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने देते, पण उसळीच्या रूपात मुले त्याला हात लावत नाहीत. त्याच्या पिठात थोडे ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ, वाटलेला लसूण, जिरे, मीठ आणि बेताचे तिखट घालून घट्ट मळले, तळहातावर वळून कडी केली आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडली की पंधरा-वीस मिनिटांत एकाच पातेल्यात जेवण तयार होते. पाणी पिठाने आपोआप दाटते, वेगळे कालवण करावे लागत नाही. मुख्य म्हणजे कड्या वळण्याचे काम मुलांना देता येते. वाकड्यातिकड्या वळल्या तरी शिजतात, आणि स्वतः वळलेली कडी पातेल्यात शोधून खाण्याचा मोह फार थोड्या मुलांना आवरतो. पालेभाजीला नाके मुरडणाऱ्यांसाठी मात्र अशी युक्ती सहज सापडत नाही. पावसाळ्यात इथल्या उतारांवर येणारी कुर्डूची कोवळी पाने पिठल्यात खपून जातात, टाकळाही डाळीबरोबर चालून जातो; कडवट रानभाज्यांच्या बाबतीत मात्र मुलाला सात-आठ वर्षांचे होऊ देणे आणि तोवर स्वतः त्याच्यासमोर चवीने खात राहणे, एवढेच हाती असते.

चवीचा प्रश्न मग जिभेपाशी थांबत नाही, तो प्रतिष्ठेपाशी जातो. नागलीची भाकरी रंगाने काळसर, गव्हाची पोळी उजळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपयांना आणि तांदूळ तीन रुपयांना किलो मिळू लागला, पुढे २०२३ पासून तो फुकट झाला, आणि उतारावर राबून नागली पिकवण्याचे कारण आणखी कमी झाले. भुकेच्या दृष्टीने हा कायदा आवश्यकच होता, त्याविषयी दुमत नसावे. तथापि डब्यात काळी भाकरी नेण्याची लाज वाटणारे मूल हेही नखरेल मूलच आहे, आणि त्याचा नखरा त्याने समाजाकडून उचललेला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून जाहीर केल्यावर तीच नागली शहरांत महागड्या बिस्किटांच्या वेष्टनावर मिरवू लागली. डोंगरातल्या पोराने ती लाजून टाकावी आणि शहरातल्या पोराने ती साखर घातल्याशिवाय खाऊ नये, अशी ही अदलाबदल झाली आहे.

याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे काम या संदर्भात नव्याने पाहण्यासारखे आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या महादेव कोळी शेतकरी बाईंनी गावठी वाण, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरी राखलेली बियाणी, गोळा करण्यास सुरुवात केली, तिच्यामागे घरातील नातवंडाचे आजारपण आणि फवारणीच्या भाज्यांविषयी आलेला संशय हे कारण त्या स्वतः सांगतात. बायफ या संस्थेच्या साह्याने त्यांची बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गौरवाच्या भाषणांत जैवविविधतेचा उल्लेख होतो, पण त्यांच्या कामाचा उगम एका लहान मुलाच्या ताटात आहे, हे मागे पडते. त्यांनी पुरस्कारलेली परसबाग, म्हणजे घराच्या मागच्या अंगणातली भाजीची लहानशी वाडी, खाण्यातल्या नखऱ्यांवर कोणत्याही युक्तीपेक्षा अधिक काम करते. ज्या वेलाला मुलाने रोज पाणी घातले त्याच्या घेवड्याच्या शेंगा त्याच्या दृष्टीने अपरिचित राहत नाहीत. दहा-पंधरा खेपांपैकी निम्म्या खेपा वेलावरच पार पडलेल्या असतात. शहरात बाल्कनीतल्या दोन कुंड्यांत मेथी पेरून हे थोड्या प्रमाणात साधते.

पर्यटक कुटुंबांचा अनुभव याला निराळ्या अंगाने दुजोरा देतो. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, बारी गावातून वर जाणारी वाट, शिड्यांचे टप्पे, आणि उतरून आल्यावर समोर आलेले पिठले-भाकरी; घरी पोळीच्या कडा कापून मागणारी मुले इथे भाकरीचा जाड काठही मोडून खातात. भुकेला कोंडा, निजेला धोंडा ही म्हण मुलांना जितकी लागू पडते तितकी मोठ्यांनाही पडत नाही. मात्र घरी परतल्यावर हा चमत्कार टिकत नाही, आणि पालक डोंगराच्या हवेला श्रेय देऊन मोकळे होतात. हवेपेक्षा कारण साधे असते. चढताना चार तास मुलाच्या हाती दुधाचा पेला, बिस्किट किंवा चिवडा आलेला नसतो, पाय दमलेले असतात, आणि आईबाप त्याच्याच शेजारी बसून, तेच, तितक्याच अधाशीपणे खात असतात. या तीन गोष्टींपैकी एकीलाही सह्याद्रीची आवश्यकता नाही.

पालकाच्या शरीराचा हिशेबही इथेच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाची आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणाऱ्या कामाची आहे, तर पाच वर्षांवरील मुलांसाठी रोज सरासरी तासभर हालचालीची. संध्याकाळी मुलाला घेऊन भराभर चालून आल्यास दोघांचाही बराच हिशेब भागतो, आणि परतल्यावर मुलाला भूक असते. प्रश्न उरतो तो स्वयंपाक कोणी करायचा हा. पालक हा शब्द स्त्री-पुरुष दोघांसाठी वापरला जातो, परंतु मराठी घरात चुलीपुढचा पालक बहुधा एकच असतो, आणि १५० मिनिटे म्हणजे पाच दिवसांचा अर्धा अर्धा तास त्याच व्यक्तीच्या वेळेतून निघायचा असतो. वरई धुऊन दुप्पट-अडीचपट पाण्यात शिजायला वीस मिनिटे पुरतात. शेजारच्या शेगडीवर तेवढ्या वेळात मुगाची डाळ होते, आणि फोडणीपूर्वी एक वाटी बाजूला काढण्याला कोणतीही कला लागत नाही. भाकरी थापता येत नाही ही सबब घरातल्या पुरुषाला या जेवणापुरती तरी उपलब्ध नाही.